जपानला आईसोबत: हाताने काय करून बघावं?

कर्वेनगरची_मृण्मयी: नोव्हेंबरमध्ये आईला घेऊन जपानला चाललेय. ओसाका, ओकायामा, नागोया असा बेत आहे. नुसती देवळं-बागा बघायला आई तयार नाही, तिला स्वतः काहीतरी करायचंय. आयुष्यभर शिवणकाम केलेली बाई आहे. वस्तू लगेच सोबत आणता आली तर उत्तम. काय सुचवाल?

सिंहगडरोडकर: ओकायामाला जाताय तर बिझेन सोडू नका. इंबे स्टेशनला उतरलं की कुंभारांची दुकानंच दुकानं. भांड्यांना ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) नाही, नुसती माती आणि लाकडाची आच. आपल्या पुण्यातल्या पुलं उद्यानाइतकं (तेच ते पुणे-ओकायामा मैत्री उद्यान) जवळचं नाही, पण नातं तेच!

सदाशिवपेठी_मावशी: बिझेन देखणंच, पण मृण्मयी, तू ‘लगेच’ म्हणतेयस ना? तिथे आपण भांडं फक्त घडवायचं. वाळवणं, भाजणं त्यांचं, आणि त्यात बरेच आठवडे जातात. भारतात पाठवतात का हे पैसे भरायच्या आधी विचार.

शिवणाऱ्या बाईला आरिमात्सुला ने. नागोयातच आहे, 1608 साली वसलेलं, शिबोरीचं म्हणजे त्यांच्याकडच्या बांधणीचं गाव. दोरा ओढून गाठ कशी आवळायची हे आईला शिकवावं लागणार नाही, तीच चार गोष्टी सांगेल. फक्त रंगवणं तिथल्या तिथे होतं की कापड नंतर पोस्टाने येतं, हे विचारून घे.

त्याच दिवशी हातात हवं असेल तर ओसाकाहून बसने तोकुशिमा. शेजारच्या आइझुमीत ‘आइ नो याकाता’ आहे, तिथे नीळ रंगवू देतात. कुंडातून रुमाल वर काढला की चक्क हिरवट दिसतो, मग हवा लागली की डोळ्यांदेखत निळा होत जातो. पुन्हा बुडवला की आणखी गडद. वास आंबूस, नाकाला पदर लावावा असा. हातमोजे घालाच, नाहीतर नखं परतीच्या विमानातही निळी.

कर्वेनगरची_मृण्मयी: मावशी, तोकुशिमा पक्कं! आणि किंत्सुगी? आईला फुटक्या बशा जोडायच्यात. पण तिला बिब्बा उततो, म्हणून विचारतेय, त्यात कसलंसं झाडाचं लाख असतं ना?

सदाशिवपेठी_मावशी: बरं झालं विचारलंस. उरुशी म्हणजे झाडाचा चीक, आणि ते झाड बिब्ब्याच्याच कुळातलं. ओला चीक लागला तर अंगावर तसंच उठतं. पर्यटकांच्या बऱ्याच वर्गांत इपॉक्सी वापरतात, ते चालेल. बुकिंग करताना ‘खरी उरुशी की इपॉक्सी’ एवढंच विचार. उरुशी म्हणाले तर आईला बाहेर चहा पाज.