माफी आणि गळचेपी हे दोन वेगळे प्रश्न

‘आक्षेपार्ह बोलल्यावर माफी मागायला लावणं म्हणजे अभिव्यक्तीची गळचेपीच’ या मताशी मी अर्धाच सहमत आहे. दबाव कोणाचा, हे आधी पाहायला हवं. अमेरिकेची अभिव्यक्तिस्वातंत्र्य जपणारी पहिली घटनादुरुस्ती (१७९१) सरकारचे हात बांधते; खासगी कंपनीने कामावरून काढलं किंवा प्रेक्षकांनी पाठ फिरवली, तर तिचा आधार मिळत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६९च्या ब्रँडनबर्ग निकालानुसार चिथावणीसुद्धा तात्काळ बेकायदा कृत्य घडवण्याच्या हेतूने केलेली आणि तसं घडण्याची शक्यता असलेली असेल, तरच तिथे शिक्षा होऊ शकते. नुसतं अपमानास्पद बोलणं त्यात बसत नाही.

माफी फसते ती बहुतेक वेळा ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ इथेच. अशी अट घातली की चूक ऐकणाऱ्याच्या माथी जाते, आणि लोक दुप्पट चिडतात ते योग्यच आहे. काय बोललो, कोणाला लागलं, ते चूक का होतं, पुढे काय करणार, एवढंच सांगावं. स्वतःचा बचाव त्याच निवेदनात घुसडू नये. मत बदललंच नसेल, तर खोटी माफी न मागता टीका सोसावी. अशा गोलमोल भाषेमागे पुष्कळदा वकिलाचा सल्ला असतो, कारण माफी ही कोर्टात चुकीची कबुली ठरेल अशी भीती असते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००६मध्ये कायदा करून दिवाणी दाव्यांपुरती ती भीती काढून टाकली.