अंटार्क्टिकातल्या आपल्या मैत्री तळावर हिवाळा काढलेलं कोणी आहे का? थंडीचं खरं सांगा

दारव्हा_जनरेटर
नमस्कार मंडळी. मी डिझेल मेकॅनिक. अंटार्क्टिकाच्या मोहिमेत वर्षभराच्या कामासाठी मुलाखत झाली, आता मेडिकल अन् औलीचं बर्फातलं ट्रेनिंग. मायनं रडारड सुरू केली. मे महिन्यात 46 डिग्रीत टिनाखाली इंजिन खोललं आहे मी, पण उणे 30 म्हणजे नेमकं काय? दाढी ठेवू का काढू?

पऱ्हाटीवाला
फ्रीजरात उणे 18 असते. डोकं घालून पाह्य, मंग बोल.

जुना_फिटर
मी एक हिवाळा काढला तिथं, जनरेटरवरच. भाऊ, थंडीपेक्षा हवेले भ्या. मैत्रीच्या दक्षिणेला बर्फाचं पठार चढत जाते. वरची हवा गार होऊन जड होते अन् उतारानं खाली येते, धुरा फुटल्यावर पाणी वावरात घुसते तशी. पृथ्वीच्या फिरण्यानं डावीकडं वळते, म्हणून वारा बहुतेक आग्नेयेकडून. हवा पडली असली तर उणे 25 मध्ये बाहेर उभं राहून चहा पिता येते. सुटली की उणे 10 मध्येच गाल बधिर.

वादळात बर्फ वरून कमी पडते, जमिनीवरूनच जास्त उडते. चक्कीतल्या पिठासारखं बारीक. एका रात्री शेडच्या दाराले बोटभर फट राहिली. सकाळी बॅटऱ्यांपर्यंत ढीग. बाहेर स्वतःचा हातमोजा दिसत नाही, दोरी धरूनच चालायचं. मी एकदा सोडली, वीसेक पावलांसाठी. पाय पाइपाले अडखळला म्हणून घर सापडलं. लीडरनं जे झापलं ते अजून कानात आहे.

उघड्या हातानं पाना धरू नका, कातडं चिकटते. आपलं पंपावरचं डिझेल तिथं मेणावानी होते, म्हणून इंधनच वेगळं. हवा इतकी कोरडी की कडीले हात लावला का झटका बसते. पहिला आठवडा मी येड्यासारखा अर्थिंग तपासत बसलो.

दाढी काढा. श्वासाचं बर्फ जमते अन् मफलर त्यालेच चिकटते.

दारव्हा_जनरेटर
उद्याच काढतो काका. माय विचारते, तिथं उन्हाळा असते का?

जुना_फिटर
असते ना, डिसेंबर-जानेवारीत. पारा शून्याच्या वर जाते, तळाजवळच्या प्रियदर्शिनी तलावाचं बर्फ सुटते, सूर्य मावळतच नाही. बर्फावरून ऊन उलटं तोंडावर येते, माह्या नाकाची सालटं निघाली होती. दुपट्टा घरूनच घेऊन जा.