मदत हवी आहे: फेअरवे मॅट, विंटर रूल आणि एप्रनवर बसलेला दोन स्ट्रोकचा दंड

नमस्कार मंडळी,

इथे गोल्फ खेळणारे किती जण आहेत ठाऊक नाही, पण विचारून बघते.

मी डंडीत राहते. गोल्फ शिकले पुण्यात, लष्करी कोर्सवर, बाबांच्या मागे मागे फिरून. पावसाळ्यात तिथे 'प्लेसिंग' असायचं, म्हणजे चिखलातला बॉल उचला, पुसा, जरासा बाजूला ठेवा. खरं सांगायचं तर आमचे कॅडीदादा (बॅग वाहणारे) तो पायानेच सरकवून द्यायचे आणि कुणी काही बोलायचं नाही.

यंदा नदीपलीकडे फाइफमधल्या एका लिंक्स (समुद्रकाठच्या वाळूच्या जमिनीवरच्या) क्लबात सभासद झाले. नोव्हेंबर उजाडला आणि क्लबाने हातात कृत्रिम गवताचा एक तुकडा दिला. वहीची दोन पानं उघडली की होतात तेवढा. फेअरवेवरचा (होलकडे जाणाऱ्या आखूड कापलेल्या पट्ट्यावरचा) प्रत्येक शॉट यावरूनच मारायचा. नवरा त्याला पायपुसणं म्हणतो. वारा असला की ते उडतं, बोटं गारठलेली असतात, आणि शॉट मारल्यावर ते बॉलच्या मागोमाग पाच पावलं पुढे जाऊन पडतं.

गेल्या शनिवारी स्टेबलफर्ड (गुणांवर खेळायची स्पर्धा) होती. सातव्या होलवर माझा बॉल ग्रीनच्या (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या) जेमतेम दोन हात अलीकडे, एप्रनवर, म्हणजे तिच्या कडेच्या कापलेल्या पट्ट्यावर. मी मॅट न घेता वेज या क्लबने चिप केली, म्हणजे हलकेच उडवला, आणि बॉल होलच्या अगदी जवळ थांबला. (वर्षातून एकदा होतं असं!) तेवढ्यात मार्कर (माझं कार्ड भरणारे सोबतचे खेळाडू) म्हणाले, "मॅट नाही, दोन स्ट्रोक." माझं म्हणणं, हा फेअरवे नाहीच. ते म्हणाले, आहे. वयाने मोठे, क्लबात जुने. मी गप्प बसले आणि कार्डावर सही केली. पण तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

तर प्रश्न असे:
१) एप्रन फेअरवेत धरतात का?
२) मॅट असताना विंटर रूलचे (हिवाळ्यात बॉल उचलून जरा बाजूला ठेवायच्या सवलतीचे) सहा इंच वेगळे मिळतात का?
३) रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवतात) चिखलात रुतलेल्या बॉलचं काय?
४) मॅटवरून खेळलेला स्कोअर हँडिकॅपला (खेळाडूच्या कुवतीनुसार ठरणाऱ्या आकड्याला) चालतो का?

शिवाय मॅटवर माझे आयर्न (लोखंडी क्लबचे शॉट) पार बिघडलेत, त्यावरही काही सुचलं तर सांगा.

टेकाठचा
ताई, स्वागत. आधी एक गोष्ट मनातून काढून टाका, मॅट वापरणं कमीपणाचं नाही. सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्सवरही हिवाळ्यात मॅट घ्यावी लागते. कारण साधं आहे. जमिनीचं तापमान पाच-सहा अंशांच्या खाली गेलं की गवत वाढायचं थांबतं. आपण ५६ अक्षांशावर, डिसेंबरात उजेड सात तासांचा. नोव्हेंबरात काढलेला डिव्हट (क्लबने गवत उखडून झालेला खळगा) एप्रिलपर्यंत तसाच उघडा राहतो, आणि लिंक्सवर त्याखाली वाळूच. पुण्यात पावसाळ्यात गवत आठवड्यात भरून येतं, म्हणून तिथे प्लेसिंगवर भागतं.

आता नियम. विंटर रूल आणि मॅट हे दोन वेगळे लोकल रूल आहेत, अनुक्रमे ई-३ आणि ई-१२. दोन्ही आपोआप लागू होत नाहीत, कमिटीने जाहीर करावे लागतात. "हिवाळा आहे, ठेवा हो बॉल उचलून" असं चौघांनी आपसात ठरवलं तर तो नियम नव्हे, ती मैत्री. ई-३ मध्ये किती अंतर मिळणार तेही कमिटीच ठरवते, कुठे सहा इंच, कुठे एका क्लबची (काठीची) लांबी. बॉल टाकायचा नाही, ठेवायचा, आणि एकदाच. होलच्या जवळ मात्र नाही. मॅटची सक्ती असेल तर बॉल उचला, मॅट ठेवा, वर बॉल ठेवा, संपलं. ठेवता ठेवता घसरला तर पुन्हा ठेवा, दंड नाही.

एप्रनबद्दल: नियमांची भाषा 'फेअरवेच्या उंचीएवढं किंवा त्याहून कमी कापलेलं गवत' अशी असते. एप्रन त्यात सहज बसतो. म्हणजे तुमचे मार्कर बहुधा बरोबर होते. पण तुमच्या क्लबाच्या नोटिशीत नेमके शब्द काय आहेत ते वाचा. काही ठिकाणी पटरला (बॉल लोळवायच्या क्लबला) सूट असते, काही ठिकाणी मॅटऐवजी बॉल उचलून सेमी-रफमध्ये नेण्याची मुभा असते.

आणि गप्प बसू नका हो! स्ट्रोक प्लेमध्ये (स्ट्रोक मोजून खेळायच्या प्रकारात) शंका आली तर नियम २०.१सी(३) आहे. पुढचा स्ट्रोक मारण्याआधी सांगायचं की मी दोन बॉल खेळते, त्यातला कोणता मोजायचा तेही सांगायचं, आणि कार्ड देण्याआधी कमिटीला सगळं कळवायचं. कळवलं नाही तर थेट बाद. तुमची शंका चिप मारून झाल्यावर निघाली हे खरं, पण तरीही कार्ड देण्याआधी कमिटीला विचारता आलं असतं. मार्करचा शब्द अंतिम नसतो.

कोपरखळी
मी फिजिओ, गोल्फर नाही. गोठलेल्या जमिनीवर पातळ मॅट ठेवून त्यावर आयर्न आपटणारे लोक फेब्रुवारीत कोपर धरून माझ्याकडे येतात. दुखत असेल तर रेंजवर मॅटवरचे शंभर बॉल मारणं आधी बंद करा.

सावळागोंधळ
अवांतर: आम्ही मॅटिंग विकेटवर क्रिकेट खेळून मोठे झालो. खिळे ठोकायचं काम कायम धाकट्यांकडे. इथे खिळे कोण ठोकतं?

टेकाठचा
@सावळागोंधळ, टी (बॉल ठेवायची खुंटी) खोचायची. :)

तिसऱ्याचं उत्तर राहिलं. रफमध्ये मॅट नाही, आणि कमिटीने वाढवून दिला नसेल तर विंटर रूलही नाही. पण बॉल आपल्याच तडाख्याने केलेल्या खळग्यात रुतला असेल तर २०१९ पासून रफमध्येही फुकट रिलीफ आहे, नियम १६.३. बॉलच्या लगेच मागची जागा धरून एका क्लबच्या लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप. बॉल पुसताही येतो. रुतला नाही, नुसता चिखल लागलाय, तर तसाच मारायचा. चौथ्यासाठी क्लबाच्या हँडिकॅप सेक्रेटरीला विचारा. लोकल रूल रीतसर लावला असेल तर साधारणपणे अडत नाही.

आयर्नबद्दल दोन गोष्टी. मॅट वाकडी पडली की नजर तिच्या कडेला लागते आणि पायही तिकडेच वळतात. आधी मागे उभं राहून दिशा ठरवा, मग मॅटकडे बघूच नका. दुसरं, मॅटवर क्लब बॉलच्या आधी टेकला तरी घसरून पुढे जातो आणि शॉट बरा वाटतो. चूक झाकली जाते, आणि एप्रिलमध्ये खरं गवत आलं की उघडी पडते. लांब आयर्न ठेवून द्या, हायब्रिड (आयर्न आणि वूडच्या मधला क्लब) काढा.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार! काल लॉकर रूमबाहेरची नोटीस शेवटपर्यंत वाचली. टेकाठचा म्हणतात तेच शब्द आहेत, आणि खाली बारीक अक्षरात 'पटर वापरल्यास मॅट नको'. म्हणजे तिथे पटर घेतला असता तर दंड टळला असता. मार्करना भेटून कबूल केलं. ते हसले आणि म्हणाले, पहिल्या हिवाळ्यात त्यांनाही असाच बसला होता.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांचा एकच प्रश्न: "कॅडी नाही का गं तिथे?"

मॅट आता दोरीने बॅगेला बांधली आहे. आज बाराव्या होलवर विसरले होते, चौदाव्यावरून परत चालत गेले.