पुण्याच्या थंडीत सायकल: अंगावर काय घालता?

गेल्या जानेवारीत पहाटे सिंहगडला निघालो. आत कॉटनचा टी-शर्ट, वर जाड स्वेटर. डोणजे सोडून घाट लागला आणि दहा मिनिटांत घामानं निथळलो. वर चहा घेऊन उतरायला लागलो, तर ओला टी-शर्ट पाठीला चिकटलेला आणि स्वेटरच्या विणीतून वारा आरपार. बोटं इतकी बधिर झाली की ब्रेक दाबलाय की नाही तेच कळेना. तिसऱ्या वळणावर उतरलो आणि हात काखेत घालून पाच मिनिटं उभा राहिलो. तेव्हा चढताना काय काढता, उतरताना काय चढवता, ते नीट सविस्तर लिहा. नुसतं 'एकावर एक कपडे घाला, लेयरिंग करा' एवढंच नको.

कर्वेनगर
आत अंगाला घट्ट बसणारा पॉलिएस्टरचा बनियन, त्यावर जर्सी. चुरगळून मुठीत मावेल असा विंडचीटर मागच्या खिशात, तो फक्त उतारासाठी. बाकी सगळं काम आर्म वॉर्मर, म्हणजे हातांवर चढवायच्या सुट्या बाह्या, करतात. चढ लागला की सायकल न थांबवता मनगटापर्यंत सरकवायचे, माथा आला की परत वर. घराबाहेर पडल्यावर पहिली दहा मिनिटं थोडं कुडकुडायला झालं तर कपडे बरोबर आहेत. दारातच ऊबदार वाटलं, तर घाटात भिजणार हे नक्की. हवा १० अंश असताना ताशी ४० च्या वेगानं उतरलात, तर उघड्या कातडीला ती ६ अंशांसारखी लागते. आणि लोहगाव-मगरपट्ट्यापेक्षा एनडीए, पाषाणकडे पहाटे पारा बराच खाली असतो. रस्ता बघून कपडे ठरवा.

नाना पेठ, निवृत्त
मी तीस वर्षं सायकलवर खडकीला पहिल्या पाळीला गेलो. विंडचीटर हा शब्दही तेव्हा ऐकला नव्हता. आमची मंडळी आदल्या दिवशीच्या पेपरची चौपदरी घडी करून स्वेटरच्या आत, छातीवर घालायला द्यायची. संगम पुलावर नदीवरून धुकं यायचं, डोळ्यांतून पाणी वाहायचं, पण छातीला वारा म्हणून लागायचा नाही. कारखान्यात पोचेपर्यंत कागद दमट, मऊ झालेला असायचा. तो टाकून द्यायचा, परतीला ऊन असायचंच. पुढे कळलं, युरोपातले शर्यतवालेही घाट उतरताना हेच करत आलेत. मला फार बरं वाटलं.

औंध
मी रोज सायकलनं ऑफिसला जाते. मैत्रिणींनो, गळ्यात स्टोल किंवा ओढणी अजिबात नको. बावधनच्या उतारावर माझ्या स्टोलचं टोक मागच्या चाकात गेलं. वेग कमी होता म्हणून निभावलं. आता बफ, म्हणजे गळ्यात घालायची ताणणारी कापडी नळी, वापरते, गळा आणि कान दोन्ही झाकतो आणि पातळ असल्यानं हेल्मेटखाली बसतो. जाड कानटोपीवर हेल्मेट डुगडुगतं, शिवाय मागून आलेल्या बसचा हॉर्न नीट ऐकू येत नाही.

हडपसर
लोकरीला बाद करू नका. कापूस भिजला की गारठतो, लोकर ओली झाली तरी ऊब धरून ठेवते. आईनं विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर मी विंडचीटरच्या आत घालतो. बोपदेव घाट उतरताना छाती उबदार, हात मोकळे. चूक केली ती पायांची. दोन जाड मोजे घातले, बूट आवळला, रक्त फिरेना आणि बोटं आणखी गार पडली. आता एकच मोजा, तोही बुटात बोटं हलतील इतपत पातळ.

पुन्हा मी
रविवारी परत सिंहगड. जर्सीच्या मागच्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा बनियन घेतलाय, वर पोचल्या पोचल्या बदलायला. आणि काका, शनिवारचा पेपर रद्दीत जाऊ दिलेला नाही.