रंगभूमीचं शिक्षण कॅमेऱ्यासमोरही उपयोगी पडतं

नाटकात शिकलेला नट कॅमेऱ्यासमोर भडक वाटतो, हे मत मला पटत नाही. ओम पुरी, नसीरुद्दीन शाह दोघंही आधी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात आणि मग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायला जो श्वास कमावलेला असतो, तोच क्लोजअपमध्ये कामी येतो. आवाज तेवढा खाली आणायचा. तिथं पापणी उगाच लवली तरी दिसते, म्हणून वेगळा सराव हवाच. शिवाय चित्रीकरण सलग होत नाही. शेवटचा प्रसंग कधीकधी पहिल्याच दिवशी! भूमिकेचा चढउतार आधी पक्का नसेल तर नट गडबडतो, आणि तो पक्का करायची सवय तालमीतच लागते. पुण्यात असाल तर विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटक शिकवतात, तिथं चौकशी जरूर करा.