त्या पाचशे रोपांच्या पिशव्या तरी काढल्या होत्या का?

पांगारा:
काल इथे एका सभासदाने लिहिलं की त्यांच्या भागातल्या बागेत जूनमध्ये पाचशे रोपं लावली आणि 'नुसती नावं ठेवणाऱ्यांनी आधी एक खड्डा खणून दाखवावा'. ते वाक्य रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी खड्डे खणलेत. गेल्या एप्रिलमध्ये आमच्या बागेतलं वाळलेलं बकुळीचं रोप मी एका हाताने ओढलं, तर मुळा निघावा तसं वर आलं. खाली रोपवाटिकेची काळी प्लास्टिकची पिशवी जशीच्या तशी, लावताना काढलेलीच नाही. मुळं आतल्या आत गोल फिरून चकलीसारखी झालेली, बाहेरच्या मातीत एकही गेलेलं नाही. खड्डा वीतभर, तळाशी विटांचे तुकडे. त्याच रांगेतली आणखी अकरा रोपं अशीच निघाली. त्या बारा पिशव्या मी जपून ठेवल्या आहेत.

जी जगली त्यांचे हाल वेगळे. बुंध्याला टेकवून पेव्हर ब्लॉक. दिल्लीत हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाच्या न्यायाधिकरणाने, 2013 मध्येच झाडाभोवतीचं मीटरभर काँक्रीट काढायला सांगितलं होतं, आमच्याकडे अजून बोटभर फट सोडत नाहीत. लोखंडी जाळीची कडी एका करंजाच्या सालीत इतकी रुतली आहे की वरचा भाग सुजल्यासारखा दिसतो. तीन वर्षांपूर्वी ती जाळी काढायला हवी होती. पण आमच्याकडच्या ठेक्यात बिल निघतं ते रोप लावल्याचं, जगल्याचं नाही.

सकाळफेरी:
पाचशेची पोस्ट माझीच. ताई, तुमच्या बागेचा राग आमच्यावर का? आम्ही वीस-पंचवीस निवृत्त माणसं, वर्गणी काढून रोपं आणली. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस मी, पावसात उभा राहून एकेक रोप लावून घेतलं. आणि झाडं मरतात ती काय फक्त पिशवीमुळे? आमच्या बागेत पहाटे पाचला माणसं पिशव्या घेऊन येतात आणि तगर, जास्वंद, पारिजातक ओरबाडून नेतात. फांदी वाकवून मोडतात! देवाला चोरीची फुलं चालतात का, यावर इथे कोणी लिहीत नाही. मी हटकलं तर एका बाईंनी मलाच सुनावलं. आधी यावर बोला.

रानवाट:
मूळ प्रश्न कोणती झाडं लावली हा आहे. पाचशेत देशी किती? गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेकडचा, सुबाभूळ मेक्सिकोची. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावून ठेवलाय, त्याच्याखाली धड गवत येत नाही. कोनोकार्पस या परदेशी शोभेच्या झाडावर गुजरातने 2023 मध्ये बंदी घातली, आपल्याकडे अजून कुंपणाला तोच. बहावा लावा, त्याच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. उंबर लावा, धनेश येतो. ताम्हण आपलं राज्यपुष्प, ते किती बागांत दिसतं? परदेशी झाडं काढून टाकल्याशिवाय बागा सुधारणार नाहीत.

चिंचबन:
काढून टाका म्हणे! मग चिंचही तोडा, ती मूळची आफ्रिकेची. आमच्या आजोळी वेशीवर चिंच होती. तिच्याखाली पंचायत बसायची, माझ्या आजीचं लग्न तिच्या सावलीत लागलं. तिला विदेशी म्हणणारा माणूस मला भेटला तर मी त्याला पाणीसुद्धा विचारणार नाही. आणि पर्जन्यवृक्षावर दर पावसाळ्यात बगळ्यांची वीण होते ती दिसत नाही का? पक्षी झाडाचा दाखला बघून घरटं बांधत नाहीत.

रानवाट:
चिंच इथे शेकडो वर्षं रुळलेली आहे, तिची आणि परवा आणलेल्या कोनोकार्पसची तुलना करता? मुंबईत पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी कीड पडली तेव्हा रांगाच्या रांगा पर्जन्यवृक्ष उभे वाळले. एकच झाड रस्ताभर लावलं की असंच होतं. गुलमोहराची मुळं उथळ, फांदी ठिसूळ, वळवाच्या पहिल्या वाऱ्यात गाडीवर पडतो. तुमच्या आजीच्या लग्नाने हे बदलत नाही.

चिंचबन:
आजीवर जाऊ नका. जपून बोला.

दमेकरी:
देशी-देशी करणाऱ्यांनी सप्तपर्णीबद्दल सांगावं. अस्सल देशी झाड. आमच्या बागेच्या फाटकाशी ओळीने सात आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलली की त्या वासाने माझं डोकं उठतं, माझ्या मुलाला रात्री दम्याचा पंप घ्यावा लागतो. दोन वर्षं आम्ही त्या काळात बागेत पाऊल टाकलेलं नाही. ती झाडं तोडा असं माझं म्हणणं नाही, पण फाटकाशी सात लावणाऱ्याने एकदा तरी विचार करायचा होता.

रानवाट:
सप्तपर्णीचं मान्य. ते रानातलं झाड आहे, फाटकाशी लावायचं नाही. पण त्यावरून गुलमोहर चांगला ठरत नाही, एवढंच.

घनदाट:
एवढा वाद कशाला? मियावाकी करा, म्हणजे दाट लागवडीची जपानी पद्धत. चौरस मीटरला तीन ते पाच रोपं, सगळी देशी, दोन-तीन वर्षांत जंगल उभं.

पांगारा:
बागेत मियावाकी म्हणजे पोरांची खेळायची जागा कुंपणात घालायची. पडीक कोपऱ्यात जरूर करा. पण सावलीत म्हातारी माणसं बसतील असं पसरलेलं झाड त्या दाटीत कधी होणार नाही. तिथे प्रत्येक झाड उजेडासाठी काठीसारखं सरळ वर जातं. आणि त्यालाही पहिली दोन-तीन वर्षं पाणी लागतंच. ते कोण घालणार?

जुना मुकादम:
मी उद्यान खात्यात एकतीस वर्षं काढली. कुठल्या शहरात ते सांगत नाही. तुम्ही सगळे जूनमध्ये येता. नारळ फुटतो, फोटो होतात. मे महिन्यात माझ्याकडे तीन बागांना मिळून चार माळी आणि दिवसाआड एक टँकर असायचा. टँकर आला की वरून फोन यायचा, आधी लॉन. लॉन पिवळं पडलं तर येणाऱ्या साहेबांना लगेच दिसतं. रोप मेलं तर पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यात नवीन लागतं. एका खड्ड्यात मी चार वर्षांत चार कडुनिंब लावलेत.

छाटणीचंही तेच. तारा वरून जातात म्हणून वायरमनची गाडी येते आणि एका बाजूच्या सगळ्या फांद्या उतरवून जाते. झाड दुसऱ्या अंगाला कलतं. दोन पावसाळ्यांनी पडलं की लोक म्हणतात, झाडच जुनं होतं. महाराष्ट्रात शहरांतली झाडं जपायचा कायदा 1975 पासून आहे. 2021 च्या दुरुस्तीत पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं तितकी रोपं लावायला सांगितली. साठ वर्षांच्या वडाबदली साठ रोपं. त्या साठांना पाणी घालायला माणूस द्या, मग देशी-विदेशी भांडा.

आणि पालापाचोळा जाळू नका हो. झाडून, गोळा करून पेटवता आणि मग खताची गोणी विकत आणता. तोच पाला आळ्यात चार बोटं पसरला असता तर माझा टँकर दुप्पट दिवस पुरला असता.

चिंचबन:
मुकादमकाका, हे सगळ्यात आधी यायला हवं होतं. मी निष्कारण भांडत बसलो.

सकाळफेरी:
आज सकाळी खुरपं घेऊन गेलो. दहा रोपं उकरून बघितली, सहांच्या पिशव्या तशाच होत्या. मजुरांना 'काढा' म्हणून सांगितलं होतं, पण मी छत्री धरून बाकावर बसलो होतो, प्रत्येक खड्ड्यापाशी गेलो नव्हतो. ताई, तुमचं खरं निघालं. तुमची भाषा बोचरी होती हे मात्र मी अजूनही म्हणेन. फुलचोरांचा विषयही मी सोडलेला नाही. आता पाऊस आहे तोवर काढता येतील का, की मुळं तुटतील?

पांगारा:
येतील, पण याच पंधरवड्यात काढा. पिशवी ओढू नका, ब्लेडने उभी चिरा आणि मातीचा गोळा हातात धरून सोडवा. मुळं गोल फिरली असतील तर गोळ्याच्या बाजूला तीन-चार उभे छेद द्या, थोडी तुटली तरी चालतं. खड्डा गोळ्याच्या दुप्पट रुंद करा, पण रोप पहिल्यापेक्षा खोल पुरू नका, बुंधा मातीत गाडला की कुजतो. पाचशे एकट्याने होणार नाहीत आणि तुम्ही गुडघ्यावर बसूच नका. रविवारी सातला मी आणि आमच्याकडचे चौघे येतो. ब्लेडं आम्ही आणू, तुम्ही फक्त पाण्याच्या नळाची किल्ली मिळवून ठेवा.