शिफ्टच्या आधीच्या रोजच्या मीटिंगचा पगार मिळतो का?

शोरूमवाली_नाशिक
नमस्कार, मी एका इलेक्ट्रॉनिक्स शोरूमला सेल्समध्ये आहे, पगार १८,००० हातात. शिफ्ट साडेदहा ते साडेआठ, मधे एक तास जेवण. पण रोज पावणेदहाला ब्रीफिंग असतं आणि ते कंपल्सरी आहे, कालचा सेल, आजचं टार्गेट, कोणी एक्स्टेंडेड वॉरंटी विकली नाही त्याला सगळ्यांसमोर उभं करायचं वगैरे. अंगठा मात्र मीटिंग संपल्यावर साडेदहालाच लावायचा, आधी लावला तर फ्लोअर मॅनेजर ओरडतो. शिवाय मंगळवारी माझी सुट्टी असते तेव्हाही झूमवर तासभर बसवतात, कॅमेरा चालू ठेवून. पोरीला भरवता भरवता मी टार्गेट ऐकत असते. उशीर झाला की १०० रुपये फाईन. एचआरला विचारलं तर म्हणाले मीटिंग म्हणजे काम नाही, ते तुमच्याच ट्रेनिंगसाठी आहे. हे खरं आहे का? आम्ही २३ जण आहोत.

कामगार_मित्र
ताई, मालकाने बोलावलं, न येण्याची मुभा नाही आणि आला नाहीत तर दंड, मग ते कामच झालं. ट्रेनिंग म्हटल्याने काही बदलत नाही.

आता मुद्द्याचं. सगळे ४५ मिनिटांवरच भांडतात आणि तिथेच फसतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाची मर्यादा ९ तास होती, ती १० करायला मंत्रिमंडळाने २०२५ च्या सप्टेंबरात मंजुरी दिली, म्हणजे मालक म्हणणार अजून दहा तास कुठे झालेत. पण आठवड्याचे ४८ तास तसेच आहेत. तुमचे ९ गुणिले ६ म्हणजे मीटिंग न धरताच ५४ होतात! त्यात रोजची ४५ मिनिटं म्हणजे साडेचार तास. साडेदहा तास जास्तीचे झाले दर आठवड्याला, मंगळवारचा झूम वेगळाच. ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो. १८,००० ला २६ ने भागा, मग ८ ने, तासाला ८६ च्या आसपास येतात, दुप्पट १७३. म्हणजे आठवड्याला साधारण १८०० रुपये तुमचे राहतात. हे एकदा स्वतः कागदावर मांडून बघा.

त्याच मंजुरीत कायदा लागू व्हायची मर्यादा १० कामगारांवरून २० वर नेलीय, तुम्ही २३ आहात म्हणून बरं.

पिंपरीकर
दादा बरोबर सांगतायत पण एक सांगतो, कंपनी पहिलं हेच म्हणेल की तुम्ही 'सेल्स एक्झिक्युटिव्ह' आहात, कामगार नाही. त्याला घाबरू नका. मॅनेजर किंवा सुपरवायझर दर्जाच्या लोकांना सूट आहे, पण ती नुसत्या पदाच्या नावावर ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय करता त्यावर ठरते. फ्लोअरवर उभं राहून फ्रीज विकणारा माणूस मॅनेजर कसा होईल.

आणि फाईनचं, मनाला येईल तसा दंड कापता येत नाही. कशाकशाला दंड ते आधी मंजूर करून घेऊन नोटीस लावावी लागते, तुमचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांवर जाता येत नाही. तुमच्याकडे अशी नोटीस कुठे लावलीय का ते उद्या बघा.

जुना_सेल्समन
हे सगळं कागदावर ठीक आहे हो, एकटीने तक्रार केली तर दुसऱ्या महिन्यात लांबच्या ब्रांचला टाकतील. मी बघितलंय.

संध्या_४२
म्हणूनच एकटीने जाऊ नका. आमच्याकडे हेच चाललं होतं, सातजणी मिळून सहाय्यक कामगार आयुक्तांच्या ऑफिसला गेलो, अर्जावर सगळ्यांच्या सह्या. पुरावा काय होता तर व्हॉट्सअॅप ग्रुप. मॅनेजर रोज ९.४० ला लिहायचा "सगळे आत या", आणि संध्याकाळी डिलीट फॉर एव्हरीवन. मी तीन महिने आल्याआल्या स्क्रीनशॉट घेत गेले, वहीत तारीख आणि वेळही लिहिली. कंपनीला पत्र गेलं, दोन तारखा झाल्या. मागचे सगळे पैसे नाही मिळाले, खोटं कशाला बोलू, पण अंगठा मीटिंगच्या आधी लावायला लागलो आणि सुट्टीच्या दिवशीचे कॉल बंद झाले. कोणाची बदलीही झाली नाही, सात जणींना एकदम कुठे पाठवणार.

पुणे_आयटी
सुट्टीच्या दिवशी फोन न उचलण्याचा कायदा आलाय ना पण?

कामगार_मित्र
नाही. सुप्रिया सुळेंनी २०१८ मध्ये लोकसभेत खाजगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यावर विसंबू नका, ४८ तासांवरच बोला.

शोरूमवाली_नाशिक
खूप आभार सगळ्यांचे. आज जेवणाच्या सुट्टीत चौघींना हिशोब दाखवला, एक तर गप्पच झाली, ती पाच वर्षं इथे आहे. नोटीस कुठेच लावलेली नाही, स्टोअर रूमसुद्धा बघितली. वही आजपासून सुरू केलीय, पहिली ओळ ९.४३.